‘छळ झाला, पण दोषी कोणी नाही’: अझीम रफीक आणि यॉर्कशायर क्रिकेट क्लब

१० सप्टेंबर २०२१ रोजी इंग्लंडमधल्या यॉर्कशायर काउंटी क्रिकेट क्लबने जाहीरपणे कबूल केलं की आपला माजी खेळाडू अझीम रफीक याचा क्लबमध्ये वांशिक छळ झाला, त्याच्यावर दादागिरी झाली. त्यानंतर सात आठवडे गेले. २८ ऑक्टोबरला त्याच क्लबचं दुसरं निवेदन आलं. एकाही खेळाडूवर, कर्मचाऱ्यावर किंवा अधिकाऱ्यावर कारवाई करावी असं काही आढळलं नाही, असं त्यात म्हटलं होतं.

ही दोन निवेदनं शेजारी ठेवून वाचली की पोटात खड्डा पडतो. छळ झाला, पण छळणारं कोणी नाही. जणू पाऊस पडावा तसा तो आपोआप पडला आणि एक माणूस भिजला.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीच्या एचआर विभागात काम करते. तक्रारी ऐकणं, चौकशी समित्या बसवणं, अहवालाचा मसुदा तपासणं हा माझा रोजचा धंदा. म्हणून हे प्रकरण मी क्रिकेटची बातमी म्हणून वाचलं नाही. काउंटी क्लब, म्हणजे इंग्लंडमधल्या एखाद्या परगण्याचा व्यावसायिक क्रिकेट क्लब, ही नोकरीची जागा आहे. तिथे पगार असतो, करार असतो, वरिष्ठ असतात, बढती असते, आणि करार संपला की घरी बसावं लागतं. ड्रेसिंग रूम हे त्या नोकरीतलं ऑफिस. तिथे काय बोललं गेलं याची चर्चा भरपूर झाली. माझ्या मते त्याहून जास्त शिकण्यासारखं आहे ते तक्रार आल्यावर संस्थेने काय काय केलं त्यात.

पाहुणा आणि घरचा

यॉर्कशायर क्लबची स्थापना १८६३ची. काउंटी अजिंक्यपद सर्वाधिक वेळा जिंकणारा हा क्लब. त्याला आपल्या मातीचा अभिमान इतका की कितीतरी दशकं, थोडे अपवाद सोडले तर, यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्यालाच संघात घ्यायचं हा दंडक होता. बाकीच्या काउंटी वेस्ट इंडिज, पाकिस्तान, भारतातून खेळाडू आणत होत्या तेव्हाही यॉर्कशायर हटून बसलं होतं. १९९२ला तो दंडक मोडला. ऑस्ट्रेलियाचा क्रेग मॅकडरमॉट दुखापतीमुळे येऊ शकला नाही आणि त्याच्या जागी आला आपला एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. यॉर्कशायरच्या खास चपट्या टोपीतला त्याचा तो फोटो पुष्कळ मराठी घरांत कौतुकाने पाहिला गेला. क्लबच्या इतिहासातला तो पहिला परदेशी खेळाडू. त्या हंगामात त्याने प्रथम श्रेणीच्या सामन्यांत हजारावर धावा केल्या आणि लोकांनी त्याला मनापासून प्रेम दिलं.

या आठवणीने आपण भारावून जातो आणि एक फरक निसटतो. सचिन पाहुणा होता. चार-पाच महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्याचं कौतुक करणं सोपं असतं, कारण तो घरात जागा मागत नाही. लीड्स, ब्रॅडफर्ड, ड्यूजबरी या गावांत १९५० आणि ६०च्या दशकांत कापडगिरण्यांत राबायला पंजाबातून, मीरपूरमधून माणसं आली. त्यांची मुलं-नातवंडं तिथल्याच मैदानांवर खेळत वाढली. मोठ्या क्लबांत जागा मिळेना म्हणून त्यांनी आपल्या वेगळ्या लीग उभ्या केल्या. यॉर्कशायरमध्ये जन्मलेला आशियाई वंशाचा पहिला खेळाडू, अजमल शहजाद, मुख्य संघात आला तो २००४मध्ये. म्हणजे सचिननंतरही बारा वर्षांनी. जन्माची अट पुरी करणारी मुलं दाराशीच होती आणि तरी त्यांना दार उघडायला इतका वेळ लागला.

अझीम रफीकचा जन्म कराचीचा, १९९१चा. दहाव्या वर्षी तो आईवडिलांबरोबर बार्न्सली या खाणकामगारांच्या गावात आला. ऑफस्पिनर. इंग्लंडच्या एकोणीस वर्षांखालील संघाचा कर्णधार झाला. २०१२मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ट्वेंटी-२० सामन्यांत त्याने यॉर्कशायरचं नेतृत्व केलं. क्लबचा सर्वांत तरुण कर्णधार आणि आशियाई वंशाचा पहिला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की यापेक्षा सामावून घेणं ते काय असतं?

इथे मला पळवणकर बाळू आठवतात. १८९०च्या दशकात पुण्यात हिंदूंच्या संघाला त्यांची फिरकी हवी होती, म्हणून चांभार समाजातल्या बाळूंना घेतलं गेलं. मैदानावर सगळे त्यांच्या हातचा चेंडू झेलत. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आलं नाही. ते मिळालं त्यांचा भाऊ विठ्ठल याला, १९२३मध्ये, तेही भावंडांनी अपमानाविरुद्ध उघड उभं राहिल्यानंतर. संघात नाव असणं आणि संघाच्या चहात वाटा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्राला कुणी इंग्लंडहून येऊन शिकवायची गरज नाही.

नावाचं काय झालं

रफीकने नंतर ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे जे सांगितलं त्यातले काही तपशील असे: आशियाई खेळाडूंना ‘पाकी’ (ब्रिटनमध्ये ही वांशिक शिवी आहे) म्हणणं रोजचं होतं. ‘तुम्ही लोक तिकडे बसा’ असं सांगून त्यांना स्वच्छतागृहाजवळच्या जागा दाखवल्या जात. कुठल्याही सावळ्या माणसासाठी ‘केव्हिन’ हे नाव सर्रास वापरलं जाई. स्थानिक क्लबात असताना, पंधराव्या वर्षी, त्याला धरून ठेवून त्याच्या घशात रेड वाईन ओतली गेली होती. तो धर्म पाळणारा मुसलमान. पुढे संघात मिसळता यावं म्हणून तो स्वतःहून पिऊ लागला, हेही त्याने लपवलं नाही.

चेतेश्वर पुजारा यॉर्कशायरकडून खेळला तेव्हा त्याचा ‘स्टीव्ह’ झाला होता. नाव उच्चारायला अवघड, म्हणून. हे टोपणनाव वापरणाऱ्या गोलंदाजाने पुढे माफी मागितली. पण त्याच्याही आधी, २०१८मध्ये, पुजारा एका मुलाखतीत हसतमुखाने हे सांगून गेला होता, आणि आपल्याला चेतेश्वर म्हटलेलं जास्त आवडेल हेही त्याने त्यात सांगितलं होतं. ती बातमी आपल्याकडे गमतीची म्हणून छापली गेली. शेवटचं वाक्य कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

माझ्या टीममध्ये काही वर्षांपूर्वी मिझोरामची एक मुलगी होती. तिचं नाव पहिल्याच आठवड्यात आम्ही तिघा-चौघांनी मिळून ‘लिली’ करून टाकलं. ती काही बोलली नाही. दोन वर्षं तिच्या पगारपत्रकावर एक नाव होतं आणि आमच्या तोंडी दुसरं. पगारपत्रक मीच काढत होते, तिचं खरं नाव दर महिन्याला माझ्या डोळ्यांसमोरून जात होतं.

टोपणनाव सगळ्यांनाच मिळतं, त्यात एवढं काय, असं म्हणणारे भेटतात. फरक असा की मित्राने ठेवलेल्या टोपणनावात तुमची ओळख असते, तुमची खोड असते. ‘स्टीव्ह’मध्ये पुजाराचं काहीच नव्हतं. त्यात फक्त ते नाव न शिकणाऱ्यांची सोय होती.

चौकशी: नेमकी कुठे चूक झाली

रफीक २०१८मध्ये क्लबमधून बाहेर पडला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने आधीही तक्रारी केल्या होत्या आणि त्यावर काही झालं नाही. क्लबमधल्या शेवटच्या काळात त्याचं बाळ मृत जन्मलं. ते कलेवर हातात घेऊन आपण हॉस्पिटलमधून दफनभूमीत गेलो आणि त्या दिवसांत क्लबमधल्या काही जणांनी आपल्याला माणुसकीनेही वागवलं नाही, हे त्याने समितीपुढे रडत सांगितलं. त्यावर मी काही भाष्य करू शकत नाही.

सप्टेंबर २०२०मध्ये त्याची मुलाखत प्रसिद्ध झाली. यॉर्कशायरमध्ये असताना आपण आत्महत्येच्या किती जवळ गेलो होतो, हे तो त्यात बोलला. क्लबने लगोलग स्वतंत्र चौकशी जाहीर केली. काम एका मोठ्या कायदा कंपनीला दिलं. क्लबचे त्या वेळचे अध्यक्ष रॉजर हटन हे पूर्वी त्याच कंपनीत होते. ते अध्यक्ष झाले एप्रिल २०२०मध्ये, म्हणजे रफीक गेल्यानंतर. त्यांचा स्वतःचा या छळाशी काही संबंध नव्हता. कदाचित म्हणूनच त्यांना त्यात वावगं वाटलं नसावं. पण तक्रार करणाऱ्याच्या नजरेतून पाहा. ज्या संस्थेविरुद्ध बोलायचं तिच्या अध्यक्षाच्या ओळखीतले लोक ऐकायला बसलेले. स्वतंत्र चौकशी मनातून स्वतंत्र असून भागत नाही, बाहेरूनही ती तशी दिसावी लागते. आमच्याकडे अंतर्गत समिती नेमताना पहिला वाद नेहमी यावरच होतो आणि ‘ते अगदी सज्जन आहेत हो’ हे उत्तर नेहमीच पुढे येतं.

चौकशीला वर्ष लागलं. त्रेचाळीस आरोपांपैकी सात सिद्ध धरले गेले. संपूर्ण अहवाल प्रसिद्ध केला नाही, सारांश तेवढा काढला. मग १ नोव्हेंबर २०२१ रोजी अहवालातला मजकूर एका क्रिकेट संकेतस्थळाने उजेडात आणला. एका खेळाडूने रफीकला वारंवार ‘पाकी’ म्हटल्याचं मान्य केलं होतं आणि तरी ती मित्रामित्रांतली थट्टा आहे, असं मानून तो भाग निकालात काढला होता.

सगळं प्रकरण माझ्या मते या एका ठिकाणी येऊन थांबतं. ‘बॅन्टर’ हा तिकडचा शब्द, आपल्याकडे गंमत, मस्करी, चेष्टा. आपल्या आज्या एक म्हण वापरायच्या: मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव. ब्रिटनचा २०१०चा समानता कायदा जवळजवळ हेच म्हणतो. वंशाशी संबंधित नकोसं वागणं, ज्याचा हेतू किंवा परिणाम समोरच्याची प्रतिष्ठा दुखावण्यात किंवा त्याच्याभोवती अपमानाचं वातावरण तयार होण्यात होतो, तो छळ. हेतू ‘किंवा’ परिणाम. त्या ‘किंवा’ला फार महत्त्व आहे. परिणाम ठरवताना ज्याच्याबाबत घडलं त्याला काय वाटलं ते पाहायचं, परिस्थिती पाहायची आणि तसं वाटणं रास्त होतं का तेही पाहायचं. म्हणजे नुसतं कुणाला वाईट वाटलं म्हणून कुणी दोषी ठरत नाही. पण बोलणाऱ्याच्या मनात खोट नव्हती एवढ्यावर फाईल बंदही होत नाही.

चौकशी मंडळाने मैत्री मोजली. दोघे एकत्र खेळले, एकत्र प्यायले, एकमेकांना वाटेल ते बोलले, हे त्यांनी पाहिलं. मैत्री खरीही असेल. पण तीस जणांच्या खोलीत तुमच्यासारखे दोन-तीनच असतील, संघनिवड आणि करार दुसऱ्यांच्या हातात असतील, तर हसण्यावाचून तुमच्याकडे दुसरा पर्याय काय राहतो? त्या हसण्याला संमती समजणं ही चौकशी करणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी माणसांनी मला सांगितलंय, ‘मीपण हसलो होतो, मॅडम.’ ते हे सांगताना मान खाली घालतात, जणू गुन्हा त्यांचाच.

१९९९मध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासाबाबत मॅकफर्सन अहवाल आला होता. संस्थात्मक वंशभेद ही कल्पना ब्रिटनमध्ये रुजली ती त्यातून. एखादी संस्था रंग, संस्कृती किंवा वंशामुळे लोकांना योग्य ती सेवा देण्यात सामूहिकपणे कमी पडते, आणि हे नकळत बाळगलेल्या पूर्वग्रहातून, अज्ञानातून, बेफिकिरीतूनही घडतं, असं त्याचं सार. लंडनच्या पोलिसांबद्दल लिहिलेलं हे बावीस वर्षांनी लीड्सच्या क्रिकेट क्लबला चपखल बसलं.

नोव्हेंबर

मग जे वर्षभरात झालं नव्हतं ते पाच दिवसांत झालं. ज्या खेळाडूने तो शब्द वापरला होता तो गॅरी बॅलन्स, झिम्बाब्वेत जन्मलेला, इंग्लंडकडून कसोटी खेळलेला. त्याने ३ नोव्हेंबरला ते कबूल केलं. प्रायोजक एकामागून एक निघून गेले. क्लबच्या हेडिंग्ली मैदानाच्या नावात असलेली प्रकाशन कंपनी गेली, यॉर्कशायरचा प्रसिद्ध चहा गेला, बुटांची कंपनी गेली. ४ तारखेला इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने हेडिंग्लीचे आंतरराष्ट्रीय सामने काढून घेतले. ५ तारखेला हटन यांनी राजीनामा दिला आणि लॉर्ड कमलेश पटेल अध्यक्ष झाले. काही दिवसांत मुख्य कार्यकारी अधिकारीही गेले.

न्याय झाला याचा आनंद मानावा, तर एक गोष्ट खुपते. सप्टेंबरमध्ये ‘छळ झाला’ हे क्लबला माहीत होतं. नोव्हेंबरमध्ये नवीन कळलं ते एवढंच की चहावाले निघाले.

पटेल यांनी आल्या आल्या जे केलं ते मात्र मी आमच्या समितीच्या प्रशिक्षणात नेहमी सांगते. त्यांनी रफीकची थेट, बिनशर्त माफी मागितली. बोलल्याबद्दल त्याचे आभार मानले. त्याने कामगार न्यायाधिकरणात केलेला दावा मिटवला आणि मिटवताना तोंड बंद ठेवण्याची अट घातली नाही. इतरांना तक्रारी करता याव्यात म्हणून स्वतंत्र दूरध्वनी सुरू केला. आमच्याकडे तडजोडीच्या करारात गुप्ततेचं कलम इतकं सवयीने टाइप होतं की ते का आहे हे कुणी विचारतही नाही.

१६ नोव्हेंबरला रफीक संसदीय समितीपुढे बोलला. वंशभेदामुळे आपली कारकीर्द संपली, आणि हे यॉर्कशायरपुरतं नाही, देशभर आहे, असं तो म्हणाला. हटन यांनीही त्याच समितीपुढे एक गोष्ट सांगितली, जी मथळ्यांत हरवली. त्यांना दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना दूर करायचं होतं, पण क्लबला मोठं कर्ज देणाऱ्या माजी अध्यक्षांच्या कौटुंबिक ट्रस्टकडे नकाराधिकार होता. धोरण छान छापलेलं असतं, समितीही असते, पण निर्णयाची किल्ली भलत्याच खिशात असते.

दोनच दिवसांत रफीकचे स्वतःचे २०११मधले ज्यूद्वेषी संदेश बाहेर आले. त्याने सबबी सांगितल्या नाहीत, आपल्याला लाज वाटते म्हणून माफी मागितली, आणि पुढे मंडळाकडून त्याबद्दल ठपकाही स्वीकारला. कितीतरी लोकांना मात्र सुटल्यासारखं झालं: बघा, तोही तसाच! तक्रारदार धुतल्या तांदळासारखा असला तरच त्याची तक्रार खरी मानायची, ही अट आपण आरोपीला कधी घालत नाही. त्याचं बोलणं चूक होतं. त्याच्याबाबत घडलं तेही चूक होतं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

सोळा माणसं

३ डिसेंबर २०२१. एका दिवसात सोळा जण क्लबच्या बाहेर गेले: क्रिकेट संचालक, मुख्य प्रशिक्षक, सगळा प्रशिक्षक वर्ग, वैद्यकीय पथक. त्यांच्यापैकी अनेकांनी ऑक्टोबरमध्ये संचालक मंडळाला पत्र लिहून रफीकबद्दल आणि क्लबच्या भूमिकेबद्दल नाराजी कळवली होती.

या भागावर प्रगत विचारांचे लोक पटकन पुढे सरकतात. मला इथे थांबावंसं वाटतं. त्या पत्राची भाषा मला अजिबात पटत नाही. पण फिजिओपासून प्रशिक्षकापर्यंत सगळ्यांना एकाच झाडूने बाहेर काढणं म्हणजे चौकशी नव्हे. प्रत्येकाने काय केलं, त्याला आरोप सांगितला का, त्याचं म्हणणं ऐकलं का? २०२२मध्ये त्यांच्यातल्या सहा जणांची बडतर्फी अन्याय्य असल्याचं न्यायाधिकरणात निष्पन्न झालं, आणि प्रक्रिया नीट पाळली नसल्याचं क्लबलाही मान्य करावं लागलं.

म्हणजे एकाच क्लबने दीड वर्षात दोन उलट टोकांच्या चुका केल्या. आधी कुणीच दोषी नाही, मग सगळेच दोषी. दोन्ही वेळा एक काम टाळलं गेलं: माणसागणिक, घटनेगणिक सत्य शोधण्याचं कंटाळवाणं, वेळखाऊ काम. दुसऱ्या चुकीचा भुर्दंडही शेवटी रफीकलाच पडला, कारण ‘एका माणसामुळे सोळा घरं बसली’ ही कथा मग त्याच्याविरुद्ध सांगितली जाऊ लागली. त्याच्यावर आणि त्याच्या घरच्यांवर इतके हल्ले झाले की तो इंग्लंड सोडून गेला. डिसेंबर २०२२मध्ये त्याच संसदीय समितीपुढे येऊन त्याने हेही सांगितलं.

निकाल, आणि निकालानंतर

मार्च २०२३मध्ये इंग्लंडच्या क्रिकेटच्या शिस्तपालन आयोगापुढे जाहीर सुनावणी झाली. बहुतेक आरोपी आलेच नाहीत. इंग्लंडचा माजी कर्णधार मायकेल वॉन मात्र आला, बाजू मांडली आणि त्याच्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही. २००९च्या एका सामन्याआधी त्याने मैदानावर आशियाई खेळाडूंना उद्देशून काही म्हटलं की नाही, हा तो प्रश्न. चौदा वर्षांपूर्वीचं एक वाक्य, दोन्ही बाजूंना आपापल्या आठवणीची खात्री. तक्रार ऐकायला उशीर केला की किती नुकसान होतं ते इथे दिसतं, आरोप करणाऱ्याचंही आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याचंही. इतर काहींवरचे आरोप सिद्ध झाले, बॅलन्सने आपला आधीच मान्य केला होता.

क्लबने चार आरोप मान्य केले. दीर्घकाळ सर्रास वापरल्या गेलेल्या वंशभेदी भाषेकडे दुर्लक्ष, तक्रारींवर पुरेशी कृती न करणं, आणि पटेल यांच्या येण्याआधी ईमेल व कागदपत्रं मोठ्या प्रमाणावर नष्ट होणं हे त्यांतले. जुलै २०२३मध्ये चार लाख पौंड दंड झाला (त्यातले तीन लाख स्थगित), काउंटी अजिंक्यपदातले ४८ गुण आणि ट्वेंटी-२०मधले ४ गुण कापले गेले. कागदपत्रं नष्ट होण्याच्या मुद्द्याला मी सगळ्यांत वरचं स्थान देईन. बोललेलं हवेत विरतं. लिहिलेलंही राहिलं नाही तर कमी ताकदीच्या माणसाकडे काहीच उरत नाही.

जून २०२३मध्ये इंग्लंडच्या क्रिकेटमधल्या समतेविषयीच्या स्वतंत्र आयोगाचा अहवाल आला. चार हजारांहून अधिक लोकांनी माहिती दिली होती. त्यांच्यातल्या निम्म्यांना मागच्या पाच वर्षांत भेदभाव सोसावा लागला होता. पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाच्यांमध्ये हे प्रमाण ८७ टक्के, भारतीय वंशाच्यांमध्ये ८२, कृष्णवर्णीयांमध्ये ७५. हे लोक स्वतःहून पुढे आलेले होते, तेव्हा हे आकडे सगळ्या क्रिकेटचे म्हणून वापरता येणार नाहीत. पण ८२ टक्क्यांत आपलीही माणसं असणार.

सामावून घेण्याचं काम म्हणजे काय, याचं मला पटलेलं उदाहरण या गदारोळाच्या कडेला सापडलं. हौशी क्रिकेट खेळणाऱ्यांत दक्षिण आशियाई वंशाचे जवळपास तीस टक्के, आणि व्यावसायिक खेळाडूंत पाच टक्क्यांच्या आसपास. ही गळती नेमकी कुठे होते याचा एका संशोधकाने बर्मिंगहॅममध्ये अभ्यास केला आणि त्यातून साउथ एशियन क्रिकेट अकादमी उभी राहिली. काउंटींनी सोडून दिलेल्या किंवा कधी पाहिलेच नाही अशा मुलांना हिवाळाभर प्रशिक्षण द्यायचं आणि काउंटींच्या संघांविरुद्ध खेळवायचं, एवढं साधं काम. दहाहून अधिक मुलांना त्यातून करार मिळाले. लेगस्पिनर जाफर चोहान त्यांतला एक. त्याला करार दिला यॉर्कशायरने, आणि २०२४मध्ये तो इंग्लंडच्या संघात निवडला गेला. पोस्टर नाही, शपथ नाही. ज्या फटीतून मुलं गळत होती तिथे हात धरला. क्लबनेही आपल्या वयोगट संघांतल्या मुलांकडून पैसे घेणं बंद केलं. मला वाटतं, संवेदनशीलतेच्या दहा कार्यशाळांपेक्षा याने जास्त फरक पडेल.

उलटं वारंही आहेच. पैशांची चणचण इतकी वाढली की फेब्रुवारी २०२४मध्ये सभासदांनी मतदान करून ते जुने कर्जदाते माजी अध्यक्ष कॉलिन ग्रेव्ह्ज यांनाच परत बोलावलं. त्याच्या काही महिने आधी एका वाहिनीवर बोलताना त्यांनी जे झालं त्याला थट्टामस्करीच्या खात्यात टाकलं होतं. परतण्याआधी त्यांनी त्याबद्दल माफी मागितली.

बॅलन्स २०२२मध्ये रफीकला समोरासमोर भेटला आणि त्याने माफी मागितली. रफीकने ती स्वीकारली आणि आता याला त्याचं आयुष्य जगू द्या, असं लोकांना सांगितलं. पुढे बॅलन्स झिम्बाब्वेकडून खेळला, कसोटीत शतकही केलं. दोन माणसांना जे जमलं ते संस्थेला वकिलांच्या फौजेसह जमलं नव्हतं.

आपल्याकडे लैंगिक छळासाठी २०१३चा कायदा आहे, म्हणून आमच्या कंपनीत समिती आहे, फलक आहे, वर्षाचा अहवाल आहे. जातीवरून, चेहऱ्यावरून, प्रांतावरून रोज होणाऱ्या टोमण्यांसाठी खासगी कंपनीत असं काही असणं बंधनकारक नाही. दिल्लीत २०१४मध्ये अरुणाचलच्या निदो तानियाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला तेव्हा ईशान्य भारतातल्या लोकांबाबत बेझबरुआ समिती नेमली गेली, पुष्कळ शिफारशी झाल्या. पुण्यातल्या ऑफिसच्या कँटीनपर्यंत त्यांतलं काय पोचलं ते मी रोज पाहते. हा लेख लिहायला घेतला तेव्हा आमच्या तक्रार अर्जात मी दोन बदल सुचवले: जात, वंश आणि प्रांत यांसाठी वेगळा रकाना, आणि तक्रार आल्याच्या दिवसापासून संबंधितांचे ईमेल जपून ठेवण्याचा आदेश. पहिल्याला ‘यामुळे नसलेले वाद उभे राहतील’ असं उत्तर आलंय. मी पुन्हा लिहिणार आहे.

त्या मिझो मुलीला मागच्या आठवड्यात फोन केला. ती आता ऐझॉलमध्येच काम करते. तिचं पूर्ण नाव नीट कसं म्हणायचं ते विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘आत्ता का विचारताय, मॅडम?’ मी खरं ते सांगितलं. तिने नाव एकदा म्हटलं. मला जमलं नाही. तिने परत, सावकाश म्हटलं. तिसऱ्या वेळी मी ते देवनागरीत लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. शेवटचं अक्षर अजून लांब, ती म्हणाली.